पैलवान कोणीच घेतला नाही

पल्लवीचा निरोप आला तो 'हव लीग'च्या ग्रुपवरच. रविवारची सकाळ होती, मी मटार सोलत बसले होते. वर साहू भैयाचा आदल्या संध्याकाळचा मेसेज होता, त्यांच्या गोलकीपरनं पेनल्टी अडवल्याची फुशारकी. त्याखाली झाडे सरांनी मारलेला टोमणा. आणि त्याच्याखाली, "पापा नहीं रहे." बाकी काही नाही. ज्या ग्रुपवर इतकी वर्षं एकमेकांची फक्त टर उडवली गेली, तिथं ते तीन शब्द असे येऊन बसले की सगळं माहीत असूनही मला आधी वाटलं, हीही एखादी वाईट थट्टाच असावी. मी त्याखाली काहीतरी खरमरीत लिहायलाही घेतलं होतं... नंतर पल्लवी म्हणाली, "मावशी, समझ ही नहीं आया किसको फोन करूँ. वही ग्रुप खुला था." तिचं बरोबरच होतं. तिच्या वडिलांची माणसं म्हणजे आम्हीच होतो, आणि आम्ही सगळे त्या ग्रुपवरच होतो.

यशवंत गजभिये, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भाऊजी. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. भाऊजींचा जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथल्याच रेल्वे वर्कशॉपातली. घरात आमची नागपुरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि चहाच्या टपरीवर छत्तीसगढी, अशा तिन्ही भाषा ते एकाच वाक्यात कोंबायचे आणि समोरच्याला सगळं कळायचं. तरुणपणी वर्कशॉपच्या संघाचे गोलकीपर होते. उजव्या हाताची करंगळी तेव्हाच वाकडी झाली, आणि ती दाखवून ते नवीन माणसाला एखादा किस्सा ऐकवल्याशिवाय सोडत नसत. निवृत्तीनंतर तेलीबांध्याला फ्लॅट घेतला. गॅलरीतून मान पुरेशी वाकडी केली तर तलावाचा एक तुकडा दिसतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते ती मान वाकडी करायला लावायचे. मी अभनपूरच्या तहसिलीत नोकरी केली, लग्न केलं नाही. सुट्टीच्या दिवशी जायला मला त्यांचंच घर होतं. तोंडाची मी तिखट आहे. भाऊजी मला 'रेखाबाई' म्हणायचे, तेही अशा सुरात की भांडण आपोआप सुरू व्हावं.

हा खेळ घरात आणला पल्लवीनं. नोकरीसाठी पुण्याला गेली, तिथं ऑफिसातल्या पोरांबरोबर शिकली, आणि बापाचा वेळ जावा म्हणून त्याला शिकवला. इंग्लंडातल्या फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा. ते तिकडं गोल करतील तसे गुण इकडं आपल्याला. यात बरेचसे लोक खेळतात त्या प्रकारात एकच खेळाडू दहा जणांच्या संघात असू शकतो. भाऊजींना ते पटेना. "एक नवरदेव अन् दहा मांडव, असं कुठं असते का?" म्हणून आम्ही ड्राफ्ट खेळायचो. ऑगस्टमध्ये सगळ्यांनी समोरासमोर बसायचं, चिठ्ठीनं क्रम ठरवायचा आणि पाळीपाळीनं एकेक खेळाडू उचलायचा. एकानं उचलला की तो बाकीच्यांना गेला. पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. आम्ही पाच जण होतो: भाऊजी, पल्लवी, मी, ब्राह्मणपाऱ्यातून स्कूटरवर येणारे निवृत्त गणित शिक्षक झाडे सर, आणि शेजारचे साहू भैया. परदेशी नावं आमच्या जिभेवर चढत नसत, म्हणून भाऊजींनी हुद्देच ठरवून टाकले होते. ज्यानं मागच्या मोसमात सर्वांत जास्त गोल केले तो 'पैलवान'. जो चांगला आहे पण जखमी होऊन घरी बसलाय तो 'जावई', कारण काम काही करायचं नाही आणि सरबराई मात्र पूर्ण. कोणी नाव पुकारलं की भाऊजी म्हणायचे, "हव." छत्तीसगढीत 'हो'. त्यांचा 'हव' आला की ती निवड पक्की, मग जीव गेला तरी बदलायची नाही.

डावपेच आम्हाला सगळ्यांना पाठ होते. गोल करणारे आधी उचलायचे. गोलकीपर अगदी शेवटी, कारण त्या जागेवर उन्नीस-बीसचाच फरक असतो. बचाववाले घेताना पहिल्या महिन्यात कोणाला सोपे सामने आहेत ते बघायचं. आपल्या आवडत्या क्लबच्या प्रेमात पडायचं नाही. आणि एकानं एका जागेचा खेळाडू घेतला म्हणून मेंढरासारखं सगळ्यांनी तिकडंच धावायचं नाही. भाऊजींना हे सगळं ठाऊक होतं, पण त्यांची भिस्त वेगळीच होती. "खेळाडू कायले पाहता? खेळाडू तर सगळ्यायलेच दिसते. बाजूच्याचं तोंड पाहा. त्याले कोण पाहिजे हे समजलं का झालं आपलं काम." मला एखादा खेळाडू हवा असला की माझा हात नाकातल्या चमकीकडं जातो, साहू भैयाला पाणी प्यावंसं वाटतं आणि झाडे सर एकदम जास्तच नम्र होतात, हे त्यांनी पहिल्या वर्षीच ताडलं होतं. मग मला हवा तो खेळाडू ते मुद्दाम आधी उचलायचे, स्वतःला नको असला तरी. अशा निवडींमुळं ते जिंकायचे क्वचितच, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. एका लेफ्ट बॅकवरून मी महिनाभर त्यांच्या घरी पाय ठेवला नव्हता. शेवटी ताईनंच बोलावणं धाडलं. आणि दरवर्षी अगदी शेवटच्या फेरीत, जेव्हा उचलण्यासारखं कोणी उरत नसे, तेव्हा भाऊजी एक जावई घ्यायचे. लोक जावयाला पहिल्या पंगतीला बसवतात, आमच्याकडं तो शेवटच्या. त्याला संघात ठेवायचं, वाट पाहायची, आणि कधीतरी हिवाळ्यात तो बरा होऊन मैदानात उतरला की लहान मुलासारखं खूश व्हायचं.

मागच्या जुलैत रिपोर्ट आला. पोटाचं दुखणं साधं नव्हतं आणि बरंच पसरलं होतं. डॉक्टरांनी ताईला आणि पल्लवीला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळी पाहतील, त्याच्या पुढचं आम्ही बोलत नाही. ताईनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. "यायले माहीत नको पडू देऊ. अल्सर म्हणून सांगायचं." मी वाद घातला. म्हटलं, शरीर त्यांचं, दुखणं त्यांचं, त्यांनाच कळू नये हा कुठला न्याय? ताई म्हणाली, "न्याय तू तुझ्या तहसिलीत कर. मले हे हसताना पाहिजेत, जेवढे दिवस आहेत तेवढे." आपल्याकडं हे असंच चालतं. घरातल्या सगळ्यांना माहीत, शेजाऱ्याला माहीत, फक्त ज्याचं मरण त्याला नाही. साहू भैया आणि झाडे सरांना मीच सांगितलं, त्यांच्या तोंडून चुकून काही जाऊ नये म्हणून. साहू भैया नुसते भिंतीकडं बघत राहिले.

ऑगस्टमधला ड्राफ्टचा रविवार उजाडला. पल्लवी त्यासाठी रजा काढून आली होती. भाऊजी नेहमीच्या वेताच्या खुर्चीवर बसले होते आणि सदरा त्यांच्या अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसत होता. ताईनं दरवर्षीप्रमाणे स्टीलच्या पेल्यातून चिठ्ठ्या काढल्या. साहू भैया पहिले, मग झाडे सर, मग मी, मग पल्लवी. भाऊजी शेवटचे. पहिल्या पाळीला पैलवान उचलायचा, यात विचार करण्यासारखं काही नसतंच. साहू भैयांनी पाणी मागितलं, प्यायले, घसा खाकरला, आणि एका मिडफिल्डरचं नाव घेतलं. "हव," भाऊजी म्हणाले, जरा उशिरानं. झाडे सरांनी एक विंगर घेतला. माझी पाळी आली. हात चमकीकडं गेला होता, तो मी खाली घेतला आणि डिफेंडर मागितला. पहिल्या फेरीत डिफेंडर! हा मूर्खपणा शाळकरी पोरंही करत नाहीत. आणि पल्लवी मान वर न करता म्हणाली, "पापा, मैं तो गोलकीपर लूँगी." आमच्यात काहीही ठरलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. पाहुण्यासाठी ताटलीतला शेवटचा लाडू जसा प्रत्येकजण न बोलता सोडतो, तसा प्रत्येकानं आपापल्या मनानं पैलवान सोडला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपण एकट्यानंच केलंय.

भाऊजींनी साहू भैयाकडं पाहिलं, झाडे सरांकडं पाहिलं, माझ्याकडं आणि पल्लवीकडं पाहिलं. घाई नव्हती त्यांना. मग त्यांनी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात ताई तर्रीचा पळा हातात धरून उभी होती. "पैलवान," ते हळूच म्हणाले आणि स्वतःच "हव" म्हणाले. क्रम उलटा फिरतो, म्हणून दुसऱ्या फेरीतली पहिली पाळीही त्यांचीच. "अन् जावई."

झाडे सर उडालेच. "गजभियेजी, जावई? दुसऱ्या फेरीत? अहो, त्याचा गुडघा नवीन वर्षाशिवाय बरा नाही होत."

"मग येते ना नवीन वर्षात," भाऊजी चांगलं मोठ्यानं म्हणाले, "आपल्याले कुठं गाडी पकडायची आहे?"

ताई हसली. जुलैनंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मी पोह्यांच्या ताटल्या घ्यायला आत गेले तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "पाहिलं? यायले काहीच माहीत नाही. जानेवारीच्या गोष्टी करून राहिले." मला रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. म्हटलं, ताईचंच बरोबर निघालं.

मोसम सुरू झाला. पैलवानानं धडाधड गोल केले आणि भाऊजी यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसले. इतकी वर्षं ज्या जागेसाठी त्यांनी जिवाचा आटापिटा केला ती जागा मिळाली, पण एकदाही त्यांनी ग्रुपवर कुणाला डिवचलं नाही. त्यांनी खेळाडूंची अदलाबदल सुचवली की साहू भैया लगेच हो म्हणायचे. पूर्वी हेच साहू भैया एका राखीव खेळाडूसाठी तीन दिवस घासाघीस करत. झाडे सर तर त्यांना "वा, काय निवड आहे" असं म्हणू लागले होते. मीही गोड बोलायला लागले होते. माझ्या तोंडून गोड शब्द! भाऊजींसारख्या माणसाला कळायला आणखी काय पाहिजे होतं, हे मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

दिवाळीच्या थोडं आधी मी एका दुपारी गेले होते. ताई भाजी आणायला खाली उतरली होती. भाऊजी गॅलरीत बसले होते, पायावर शाल. तलावाकडं मान वाकडी करण्याइतकीही ताकद उरली नव्हती. एकदम म्हणाले, "रेखाबाई, तुम्ही लोकं ड्राफ्ट खेळायले शिकलेच नाही."

"काहून?" मी विचारलं.

"साहूनं पैलवान सोडला. मी म्हटलं, म्हातारा चुकला असन. मग झाडेनं सोडला. मग तू डिफेंडर घेतला... तू! अन् माह्या पोट्टीनं गोलकीपर. मांजर कधी दूध सोडते का?" ते थोडं हसले, मग खोकले. "तवाच मले माझा रिपोर्ट भेटला. डॉक्टरनं नाही सांगितला, तुम्ही चौघायनं सांगितला."

आम्ही त्यांना जे सर्वांत चांगलं होतं ते दिलं, आणि त्यानंच सगळं फुटलं. ज्या माणसानं आम्हाला आयुष्यभर सांगितलं की बाजूच्याचं तोंड पाहा, त्याच्यासमोर आम्ही आपली तोंडं उघडी टाकून बसलो होतो. मी विचारलं, मग तो जावई काहून घेतला? तर म्हणाले, "तुझी ताई दारात उभी होती ना. तिले वाटते का मले काही माहीत नाही. त्याच्याच भरवशावर उभी आहे. तिले सांगजो नको." मी मान हलवली. कधीपर्यंत सांगायचं नाही, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मग शाल सारखी करत म्हणाले, "एक काम कर. भांड माझ्याशी. जुलैपासून कोणी भांडलंच नाही. असं वाटते का आत्ताच फोटोत बसलो मी."

मग मी भांडले. त्यांनी एका म्हाताऱ्या विंगरच्या बदल्यात माझा सर्वांत चांगला मिडफिल्डर मागितला आणि मी विचारलं की डोकं ठिकाणावर आहे का. ते म्हणाले, तहसिलीत बसून अक्कल गंजली तुझी. मी त्यांच्या वाकड्या करंगळीपासून त्यांच्या गोलकीपरगिरीपर्यंत सगळं बाहेर काढलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ओरडत होते. ताईला लिफ्टमध्येच आवाज गेला असावा. ती भाजीच्या पिशवीसकट आत आली आणि माझ्यावर तुटून पडली. "आजारी माणसाशी भांडतेस? लाज नाही वाटत तुले?" भाऊजी खुर्चीत मागं टेकून बसले होते, खूप दिवसांनी पोटभर जेवलेल्या माणसासारखे. त्यानंतर ते माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत. अंगात तेवढं बळच राहिलं नाही. दिवाळी त्यांनी पाहिली. थंडी पडायला लागली आणि ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वर्कशॉपातले कितीतरी लोक आले होते. येणारा प्रत्येकजण ताईला एकच सांगायचा, की बरं झालं, शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही, सुखानं गेले. ताई मान हलवायची. "हो, यायले माहीतच नव्हतं." दर वेळी मनात यायचं, सांगू की नको? ती ज्या समाधानावर उभी होती ते खोटं होतं, हे मला एकटीला माहीत होतं. सांगितलं, तर तिला कळणार की एवढे महिने दोघं एका घरात, एका खाटेशी, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसले, आणि निरोपाचा एक शब्द बोलायचा राहून गेला. नाही सांगितलं, तर त्यांनी तिच्यासाठी शेवटी काय केलं ते तिला कधीच कळणार नाही. मी आयुष्यात कुठली गोष्ट पोटात ठेवलेली नाही. ही ठेवून माझी झोप गेली.

नव्या वर्षात बातमी आली की जावई बरा झाला, शनिवारी मैदानात उतरणार. भाऊजींचा संघ आम्ही तसाच ठेवला होता, त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. सामना आपल्याकडच्या संध्याकाळी होता. न ठरवता आम्ही सगळे तेलीबांध्याला जमलो. साहू भैया आले, झाडे सर मफलर गुंडाळून आले. पल्लवी पुण्याला परत गेली होती, ती फोनवर होती. वेताची खुर्ची जागच्या जागी होती आणि आम्ही सगळे तिला वळसा घालून बसलो होतो. सामना सुरू व्हायच्या आत संघ लावावा लागतो. पल्लवीनं विचारलं, "मावशी, जावई बेंच पर है. पापा की टीम में खिलाऊँ?" मी पाहते म्हटलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

ताई तर्री ढवळत होती. दरवर्षी ड्राफ्टला करते तेच तर्री-पोहे. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मी दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "ताई, एक सांगायचं आहे. भाऊजींना..."

"माहीत होतं," ताई म्हणाली. पळा फिरतच होता. "मले काय सांगतेस? मी काय इतके वर्षं नुसते पोहेच करून राहिली का? जावई हे शेवटी घेतात. त्या दिवशी आधी घेतला, अन् घेताना माझ्याकडे पाहून राहिले होते. मी हसली नसती तर त्यायचा जावई फुकट गेला असता."

"अन् तू मला म्हणालीस, यांना काहीच माहीत नाही म्हणून..."

"मग काय म्हणू? तू रडायले आली होतीस. तुले खरं सांगितलं असतं, तर तुझं तोंड पाहून यायले समजलं असतं का मले समजलं."

मी म्हटलं, मग एकदा तरी बोलायचं ना एकमेकांशी. ताईनं गॅस बंद केला. "ते जावई घेऊन बोलले, मी हसून बोलली," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज फाटला. "पण थोडं बोलायले पाहिजे होतं गं... थोडं तरी."

मी तिला धरलं. बाहेरून पल्लवीचा आवाज आला, "मावशी, टाइम हो रहा है. बोलो ना, खिलाऊँ?" ताईनं पदरानं तोंड पुसलं, हात पुसले आणि बाहेर गेली. साहू भैया उठून उभे राहिले. झाडे सरांनी मफलर काढून हातात घेतला. ती वेताच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली, पाठीवर हात ठेवला, आणि फोनमधल्या लेकीकडं पाहत म्हणाली,

"हव."